आईबाप तेच, आजार तोच. मग फरक काहून?

गेल्या महिन्यातील गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना आटोपत आला होता. कंपाउंडरने शेवटचा नंबर पुकारला आणि बाप-लेक आत आले. दोघांपैकी आजारी कोणीच नव्हते. बाप उत्तर नागपुरात ऑटो चालवतो. त्याचे घर पंचवीस वर्षांपासून माझ्याकडे येते. मुलगी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालेली. नेटच्या परीक्षेत तिला फेलोशिप मिळाली आहे आणि दिल्लीच्या एका संस्थेतून पीएच.डी.च्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीच समजवा जी हिला," बाप म्हणाला. "आणखी पाच वर्षं शिकते म्हणते. तेही रक्ताच्या आजारावर. मग सरळ डॉक्टरच काहून नाही झाली?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. आपल्याकडे हुशार मुलासाठी दोनच रस्ते ठरलेले, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. या दोन्हींच्या मधली वाट आपण कधी नीट पाहिलेलीच नाही. म्हणून आजचा लेख.

आधी या घराचा इतिहास सांगतो. आई आणि वडील दोघेही सिकलसेलचे वाहक, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'एएस' म्हणतात ते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते की मूल 'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण होईल. प्रत्येक वेळी चारांत एक, हे लक्षात ठेवा. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. या घरात मोठी मुलगी एसएस, मधला मुलगा एसएस आणि ही धाकटी एएस.

मुलगा चार वर्षांचा असताना प्रथम माझ्याकडे आला. अंग फिकट, हातपाय दुखतात, अधूनमधून ताप. मी 'रक्त कमी आहे' असे निदान करून लोहाचे सिरप सुरू केले. जवळपास दोन वर्षे तेच चालले. शरीरात लोहाची कमतरताच नसेल तर लोह देऊन रक्त वाढत नाही, हे मी पुस्तकात वाचलेले होते. नागपुरात राहून सिकलसेल माहीत नव्हता असेही नाही. तरी साधी सोल्युबिलिटी चाचणी सांगायला मला दोन वर्षे लागली. आज तो मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून ते झिजले आहे, त्यामुळे तो लंगडत चालतो. वर्षातून तीन-चार वेळा वेदनांच्या झटक्याने भरती होतो. मोठ्या बहिणीला मात्र दोन मुले आहेत आणि बाळंतपणे सोडली तर तिला दवाखान्यात राहावे लागलेले नाही.

धाकटीचा प्रश्न नेमका हाच आहे. "काका, आईबाप तेच, जीन तोच. मग दादाचे एवढे हाल आणि ताईला काही नाही, काहून?"

वाचकहो, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. माझ्यासारख्या एम.बी.बी.एस. डॉक्टरकडे ते असणारही नाही. पण अर्धे उत्तर विज्ञानाला सापडले आहे आणि ते कोणी शोधले हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. त्याच्या बीटा साखळीत १४६ मणी आहेत असे समजा. सिकलसेलमध्ये फक्त सहावा मणी बदललेला असतो. तेवढ्याने प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर मरते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस.

हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे १९४९ साली अमेरिकेत लिनस पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ. प्रत्यक्ष काम करणारा मुख्य विद्यार्थी हार्वे इटानो हा मात्र डॉक्टर होता. जपानी वंशाचा असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने त्याला छावणीत डांबले होते. तेथून सुटून १९४५ साली तो वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला आणि दवाखाना थाटण्याऐवजी पॉलिंगकडे पीएच.डी.ला गेला. डॉक्टरने रसायनशाळेत बसून विजेच्या प्रवाहात दोन हिमोग्लोबिन वेगळी करून दाखवली. आज आपल्या मुलांच्या रिपोर्टवर 'इलेक्ट्रोफोरेसिस' लिहिलेले असते, त्याचे मूळ तिथे आहे.

आपल्या नागपूरचेही नाव या इतिहासात आहे. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध मासिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. पुढे १९८६ साली जनुकांची तुलना करून असे दिसले की आपल्याकडचा सिकलसेल आफ्रिकेतून आलेला नाही, तो आशियात स्वतंत्रपणे उपजला. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हा दोष टिकला. हा अमुक जातीचा रोग, असे नाक मुरडून बोलणारे सुशिक्षित लोक मला अजून भेटतात. डासाला जात कळत नाही.

आता भाऊ-बहिणीतील फरकाकडे येऊ. आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि ते जन्मानंतर हळूहळू कमी होते. ज्या रुग्णात ते जास्त टिकते त्याला त्रास कमी होतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः तेच वाढवते. पण काहींत ते आपोआप का टिकते? २००८ साली सार्डिनिया बेटावरील हजारो लोकांची जनुके तपासून संख्याशास्त्राच्या मदतीने एका जनुकावर बोट ठेवले गेले. त्याचे नाव बीसीएल-११-ए. त्याच वर्षी विजय शंकरन या विद्यार्थ्याने आपल्या मार्गदर्शकाबरोबर दाखवून दिले की हे जनुक बाळाच्या हिमोग्लोबिनचे बटण बंद करते. शंकरन तेव्हा वैद्यक आणि पीएच.डी. अशा जोडशिक्षणात होता. पुढे हेच बटण तोडून रुग्णाच्या स्वतःच्या मज्जापेशी त्याला परत देण्याचा उपचार तयार झाला. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर. ऑटोवाल्याला हा आकडा सांगण्याची मला हिंमत झाली नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या 'आयजीआयबी' संस्थेने तयार केलेली देशी जनुकसंपादन पद्धत 'बिरसा १०१' जाहीर झाली. सर्वसामान्य रुग्णाला ती मिळायला अजून चाचण्यांचा बराच पल्ला गाठायचा आहे. पण ती आपल्या रुग्णांवर चालेल की नाही, कोणाला जास्त गरज आहे, हे ठरवायला आपल्याच लोकांची जनुके वाचावी लागतील. सार्डिनियाचे उत्तर नागपूरला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो असे पुष्कळदा लिहिले जाते. या मुलाला चालताना पाहिल्यावर माझ्याच्याने तसे म्हणवत नाही.

अशा कामाला एकच विद्या पुरत नाही. रुग्णाची वेदना मोजायला डॉक्टर हवा, जनुक वाचायला प्रयोगशाळा हवी आणि तीनशे कोटी अक्षरांतून एक अक्षर हुडकायला संगणक आणि गणित हवे. बंगालमधील कल्याणी येथे वैद्यकीय जिनॉमिक्सची जी राष्ट्रीय संस्था आहे, तिचे पहिले संचालक पार्थ मजुमदार हे संख्याशास्त्राचे विद्वान. यावरून काय ते समजा. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत जी पीएच.डी. होते, तिच्यात विद्यार्थ्याला सहा ते आठ आठवडे समाजाच्या, विशेषतः खेड्यांच्या एखाद्या प्रश्नावरही काम करावे लागते. मला ही अट फार आवडली. आमच्या वेळच्या कित्येक प्राध्यापकांना ती लावायला हवी होती. चंद्रपूरलाही मुंबईच्या रक्तविज्ञान संस्थेचे सिकलसेल-थॅलेसेमिया संशोधन केंद्र २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले आहे. म्हणजे शिकून परत यायला जागाच नाही, असे आता म्हणता येणार नाही.

बापाला मी पैशाचेही सांगितले, कारण त्याची खरी चिंता तीच होती. फेलोशिप दरमहा ३७ हजार रुपये, दोन वर्षांनी ४२ हजार, घरभाडे वेगळे. पोरगी घरी मागणार नाही, उलट दादाच्या औषधाला पाठवू शकेल. वाईट बाजूही लपवली नाही. पाचाची सहा वर्षे होतात, मार्गदर्शक चांगला मिळाला नाही तर मूल खचते आणि पुढे नोकरीची हमी नसते. तिने मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेतील जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे, असे मी बजावले.

"अन् लग्न?" बापाने विचारले. मी म्हटले, लग्नापूर्वी मुलाची सिकलसेल तपासणी करून घ्या, मग ते आज होवो की पाच वर्षांनी. मुलगी वाहक आहे. मुलगाही वाहक निघाला तर चारांतला तो हिशेब पुन्हा सुरू होईल. ही तपासणी सरकारी रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोफत होते. जी घरे अजून थांबली आहेत त्यांनी या आठवड्यातच जावे.

उद्या असाच एखादा संशोधक विद्यार्थी तुमच्या दारी रक्ताचा नमुना मागायला येईल. त्याला पाणी द्या, पण चार प्रश्न विचारा. नीतिसमितीची परवानगी आहे का? नमुना कशासाठी आणि किती वर्षे ठेवणार? नाव गुप्त राहील का? निष्कर्ष आम्हाला सांगणार का? नकार दिला म्हणून तुमचे उपचार अडवता येत नाहीत. उत्तरे पटली तरच सही करा.

बापाने अजून होकार दिलेला नाही. दिल्लीच्या होस्टेलला मुलींची वेगळी सोय आहे का, एवढे त्याने विचारले आहे. मुलीने माझ्याकडे भावाचे जुने कागद मागितले. कितव्या वर्षी पहिला झटका आला, हिमोग्लोबिन किती होते, हे तिला लिहून काढायचे आहे. मी माळ्यावरची रजिस्टरे उतरवली. लोहाच्या सिरपची ती पाने माझ्याच अक्षरात आहेत. तीही मी तिला झेरॉक्स करून दिली.