पक्कड आपल्याही हातात शोभते!

साडीचं दुकान, भांड्यांचं दुकान, सोनाराचं दुकान... बायका रमतात त्या ठिकाणांची नावं विचारली तर हीच सांगितली जातात. पण मैत्रिणींनो, हार्डवेअरच्या दुकानात कधी निवांत उभ्या राहिला आहात? "ह्यांना पाठवते" असं म्हणत आपण ते दुकान पुरुषांच्या नावावर करून टाकलंय. खरं तर तिथे काय नसतं! किलोवर मिळणारे खिळे, चिमटीत मावणारे वायसर, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, सुतळीचे गुंडे, नळाच्या तोट्या. आमच्या पेठला पावसाळा जवळ आला की ताडपत्री, प्लास्टिकचा कागद आणि पत्र्याचे हुक घ्यायची लगबग सुरू होते. इकडचा पाऊस काही लाड करत नाही!

घरोघरी काय चालतं? स्क्रू सुरीच्या टोकाने फिरवायचा आणि खिळा बत्त्याने ठोकायचा. सुरी वाकते, स्क्रूची खाच झिजते आणि मग तो निघतच नाही. नट पक्कडीने पिळला की त्याचे कोपरे गोल होतात. मापाचा पाना असेल तर तोच नट हलक्या हाताने सुटतो. "हे बायकांच्या ताकदीचं काम नाही" असं म्हणतात ना, त्यातलं निम्मं दुखणं चुकीच्या हत्याराचं असतं.

आणि हत्याराची पारख आपल्याला नाही असं कोण म्हणेल? विळा घेताना मूठ हातात बसते का, हे आपण दहादा बघतो. निंदणीचं खुरपं एकीचं दुसरीला चालत नाही. तीच नजर घेऊन पाने-पकडी बघायच्या, एवढंच. देशभर नावाजलेली तापारियाची हत्यारं तर आपल्या नाशिकच्या सातपूर वसाहतीतली. १९६९मध्ये स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने त्यांनी ती बनवायला सुरुवात केली.

पण प्रश्न फक्त घरातल्या गळक्या नळाचा नाही. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाणी आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण. अशा वेळी हातपंप बिघडला तर पायपीट बाईची, आणि दुरुस्तीला वाट बघायची दुसऱ्याची! उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९०च्या दशकात 'महिला समाख्या' कार्यक्रमातून गावातल्या बायका हातपंप दुरुस्ती शिकल्या. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. पण पाने हातात आले आणि त्यांनी पंप खोलून पुन्हा चालू केले. गंमत म्हणजे भारतभर पोहोचलेल्या 'इंडिया मार्क-२' पंपाचं मूळ आपल्या महाराष्ट्रातल्या 'सोलापूर पंपा'त आहे. पुढे आलेल्या 'मार्क-३'मध्ये तर सगळे पाइप वर न काढता आतला दट्ट्या बाहेर घेता येतो. म्हणजे हत्यार आणि यंत्र माणसाच्या बेताचं केलं, की काम कुणालाही जमतं.

तर आता आपली स्वतःची एक पेटी करू या. एक हातोडी, एक पक्कड, चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, एक फिरता पाना, टेस्टर, मेजर टेप, थोडे खिळे-स्क्रू, दोन-चार वायसर आणि टेफ्लॉन टेप. ही टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर तोटी बसवताना सुटून येते. विजेच्या कामात मात्र आधी मेन स्विच बंद, आणि वायरिंग जाणकाराकडूनच.

दुकानदाराने "साहेबांना पाठवा" म्हटलं तरी हलायचं नाही. सुटलेला नट नाहीतर झिजलेला वायसर सोबत न्यायचा आणि "ह्या मापाचा द्या" म्हणायचं. नमुना हातात असला की नाव ठाऊक नसलं तरी अडत नाही.

बचत गटातून आपण पातेली घेतो, सतरंज्या घेतो. यंदा गटासाठी एक मोठा पाइप पाना आणि एक शिडी घेऊन बघा. वस्तीतल्या दहा घरांना ती पुरेल आणि पत्रा गळायला लागला तर कुणाची वाट बघत बसावं लागणार नाही.