उपासनागीतांच्या उत्पत्तिकथा आणि त्यांचा पुरावा

लोकप्रिय उपासनागीत सहसा एकटे प्रवास करीत नाही. त्याच्या उत्पत्तीची कथाही त्याच्याबरोबर फिरत असते. तुकोबांची गाथा इंद्रायणीत तरली ही कथा ज्याप्रमाणे अभंगांच्या ग्रहणाचाच एक भाग झाली आहे, त्याचप्रमाणे ख्रिस्ती मंडळींतही अमुक गीत अमुक संकटात स्फुरले अशा कथा प्रचलित आहेत. अशी कथा भक्ताच्या दृष्टीने गीताचा अर्थ उजळते. अभ्यासकापुढे मात्र निराळा प्रश्न असतो : गीताची संहिता, तिचा प्रसंग आणि तिची चाल यांविषयी कागदपत्रे काय सांगतात? प्रस्तुत लेखात दोन सुप्रसिद्ध गीतांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पहिले गीत ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने ओळखले जाणारे. त्याची प्रचलित कथा अशी : गुलामांचा व्यापार करणारा एक कप्तान समुद्रातील वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, जहाज वाचले, त्याने तत्क्षणी तो व्यापार सोडला आणि हे गीत रचले. कथेतील व्यक्ती खरी आहे, वादळही खरे आहे. परंतु त्यांना जोडणारा धागा खरा नाही.

जॉन न्यूटन याचा जन्म १७२५ मध्ये लंडन येथे झाला. ‘ग्रेहाउंड’ या जहाजावर तो वादळात सापडला ते १७४८ च्या मार्च महिन्यात. त्या वेळी तो त्या जहाजाचा कप्तान नव्हता. श्रद्धेकडे आपले मन त्या रात्री वळले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तथापि गुलामांच्या व्यापारात तो यानंतरच कप्तानपदास पोहोचला. १७५० ते १७५४ या काळात गुलामांची ने-आण करणारी जहाजे त्याच्या हुकमतीखाली होती. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला, तोही प्रकृती बिघडल्यामुळे, तत्त्वासाठी नव्हे. पुढे लिव्हरपूल बंदरात त्याने सरकारी नोकरी केली आणि १७६४ मध्ये धर्मगुरूची दीक्षा घेऊन तो ओल्नी या लहानशा गावी आला.

ओल्नी येथील मंडळीत लेस विणून गुजराण करणाऱ्या गरीब कुटुंबांचा भरणा मोठा होता. त्यांच्यासाठी न्यूटन आणि त्याचा मित्र कवी विल्यम कूपर यांनी सोप्या भाषेत गीते रचली. प्रस्तुत गीत १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी सिद्ध झाले. त्या दिवशीच्या प्रवचनाचा आधार बायबलमधील पहिल्या इतिहासाच्या सतराव्या अध्यायातील दोन वचने हा होता. नाथान संदेष्ट्याकडून आपल्या घराण्याविषयीचे अभिवचन ऐकून दावीद राजा विस्मित होतो आणि आपली योग्यता ती काय, असे देवालाच विचारतो. १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्नी हिम्स’ या ३४८ गीतांच्या संग्रहात या गीतावर याच वचनांचा निर्देश असून, श्रद्धेने केलेले सिंहावलोकन आणि तिची अपेक्षा अशा आशयाचे शीर्षक आहे. गीताची घडणही त्यास अनुरूप आहे : प्रथम पूर्वायुष्याचे स्मरण, मग येथवर झालेला सांभाळ, आणि अखेरीस पुढील आशा. म्हणजे हे गीत वादळात स्फुरलेले नसून, वादळानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, नववर्षाच्या प्रवचनाला जोडून रचलेले आहे.

आज गायिले जाणारे रूप मात्र न्यूटनच्या हातचे नाही. त्याची मूळ कडवी सहा होती. दहा सहस्र वर्षांचा उल्लेख असलेले आजचे शेवटचे कडवे त्यांत नव्हते; ते अमेरिकेत १७९० मध्ये छापलेल्या एका वेगळ्याच गीतात आढळते. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ मधील ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीत नायक ते न्यूटनच्या कडव्यांसमवेत गातो, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी एडविन एक्सेल याच्या संग्रहांमुळे हा जोड कायम झाला. अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा असते. तिच्या आधाराने प्रक्षेपही होतात, परंतु निदान रचना कोठे संपते हे कळते. इंग्रजी गीतात अशी खूण नसल्यामुळे परके कडवे सहज मिसळून जाते.

चालीचीही हीच स्थिती आहे. न्यूटनच्या गीताशी आजची चाल प्रथम १८३५ मध्ये, विल्यम वॉकर याच्या ‘सदर्न हार्मनी’ या अमेरिकन संग्रहात जोडली गेली. त्या चालीची रूपे १८२९ मधील एका संग्रहात आढळतात; कर्ता अज्ञात आहे. तिच्यात पाचच स्वर लागतात, आपल्याकडील भूपाचे. ही चाल न्यूटनने जहाजावर गुलामांच्या तोंडून ऐकली, असेही सांगितले जाते. पण पंचस्वरी चाली अनेक देशांत असल्याने केवळ स्वरसंख्येवरून असे अनुमान करता येत नाही, आणि दुसरा पुरावा उपलब्ध नाही.

दुसरे उदाहरण नाताळच्या ‘सायलेंट नाइट’ या मूळ जर्मन गीताचे. साल्झबुर्गजवळील ओबेरनडॉर्फ येथे १८१८ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येस चर्चचा ऑर्गन बिघडला, म्हणून योझेफ मोर या तरुण धर्मगुरूने घाईने गीत रचले आणि फ्रान्झ क्झावर ग्रुबर याने गिटारसाठी चाल बांधली, असे सांगतात. गीताचा कर्ता कोण, अशी चौकशी बर्लिनहून झाली असता ग्रुबरने १८५४ मध्ये स्वहस्ते निवेदन लिहिले. त्यात तारीख, दोन एकल आवाज, गायकवृंद व गिटार यांचा उल्लेख आहे. बिघडलेल्या ऑर्गनचा नाही. पुढे १९९५ मध्ये मोरचे हस्तलिखित उजेडात आले. त्यावरून काव्य १८१६ मध्येच लिहिले गेल्याचे निश्चित झाले. चाल १८१८ ची, काव्य त्याच्या दोन वर्षे आधीचे. एका रात्रीच्या चमत्काराच्या जागी दोन टप्प्यांची साधी निर्मिती आली.

दोन्ही कथांची प्रवृत्ती एकच : लांबलेला काळ एका क्षणात आटविणे. ऑर्गनच्या कथेत यामुळे फारशी हानी होत नाही. न्यूटनच्या बाबतीत मात्र प्रश्न नैतिक आहे. त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. आणि तीत आपली कबुली फार उशिरा येत असल्याचे त्याने मान्य केले. ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ मध्ये तो व्यापार बंद केला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन निवर्तला. वादळाची कथा ही चाळीस वर्षे पुसून टाकते, आणि त्यांबरोबर ती माणसेही, जी श्रद्धावान कप्तानाच्या जहाजावर साखळदंडांत होती. कृपेचे गीत रचणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी किती सावकाश जागी झाली, हे कागदपत्रांवरून कळते. त्यामुळे गीताचे मोल उणावत नाही. त्यातील अंधत्वाच्या कबुलीचा अर्थ मात्र, कर्त्याला रचनेच्या वेळी अभिप्रेत असेल त्याहून अधिक गंभीर होतो.