वर्ध्याचा गाळ आणि सागरतळाची भूक

वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या परिसरात पडलेल्या पावसाचे पाणी धाम, वणा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करीत अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. त्यासोबत वाहून जाणारी माती समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यांच्या भोजनव्यवस्थेत सामील होते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

सूर्यप्रकाश पाण्यात साधारणतः २०० मीटरपर्यंतच कामाचा असतो. त्याखालच्या काळोखात वनस्पती नाहीत. तेथील बहुतेक जीवसृष्टी वरून पडणाऱ्या उष्ट्यावर जगते. मृत प्लवक, विष्ठा, चिकट स्रावांचे पुंजके यांच्या या अखंड वर्षावाला शास्त्रज्ञ 'सागरी हिम' म्हणतात. वाटेतच जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि खोल तळापर्यंत जेमतेम एखाद-दुसरा टक्का पोहोचतो. समुद्रकाकडी, कृमी, भंगुरतारे यांची संख्या आणि आकारमान या शिध्यावरच ठरते.

हा शिधा मोसमी वारे वाटतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसमवेत १९८६ पासून अरबी समुद्रात खोलवर सापळे लावून पडणारे कण गोळा केले. नैर्ऋत्य आणि ईशान्य या दोन्ही मोसमांत कणांचा वर्षाव वाढतो, असे त्यातून दिसले. बंगालच्या उपसागराची गोष्ट निराळी. नद्यांचे गोडे पाणी पृष्ठभागावर हलक्या थरासारखे पसरते, खालची पोषकद्रव्ये वर येऊ देत नाही, त्यामुळे प्लवकांची वाढ तुलनेने कमी. मात्र नद्यांच्या गाळाचे जड कण सेंद्रिय पुंजक्यांना चिकटतात आणि ते झपाट्याने बुडतात. वाटेत कुजायला वेळच मिळत नाही. धरणांनी अडवलेला गाळ हा म्हणूनच केवळ जलाशयाच्या आयुष्याचा प्रश्न उरत नाही.

अन्न विपुल असले म्हणजे प्राणी सुखी, असेही नाही. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर, कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू जवळपास संपून जातो. १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेला ओमानजवळच्या तळावर निर्जीव वाटणारा पट्टा आढळला होता. प्रत्यक्षात तेथे सूक्ष्म फोरामिनिफेरा आणि बारीक कृमी तग धरतात. मोठे प्राणी मात्र पट्ट्याच्या खालच्या कडेला, प्राणवायू पुन्हा वाढू लागतो तेथे गर्दी करतात. कधी मेजवानी अकस्मात येते. २००२ मध्ये ओमानच्या किनाऱ्यापलीकडे तळावर मृत जेलीफिशचे थर साचलेले आढळले.

आता या वाटणीत हवामान हस्तक्षेप करीत आहे. तापलेले पृष्ठजल हलके राहते व खालच्या पाण्यात मिसळत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवक सहा दशकांत सुमारे २० टक्क्यांपर्यंत घटले. त्यातच उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि प्राण्यांची त्याची गरज मात्र वाढते. म्हणजे ताटातले अन्न उणे आणि श्वासही अपुरा. मासेमारीच्या आकडेवारीत हा बदल लगेच उमटेल, असे नव्हे. तळावरचे अनेक प्राणी अत्यंत संथ गतीने वाढतात आणि त्यांची गणना करणारी जहाजे तेथे क्वचितच पोहोचतात.