गिनी पिगला आपली औषधे देऊ नका

मुलांच्या वाढदिवसाला गिनी पिग आणून देण्याची हौस आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. प्राणी गोंडस, आवाज शिट्टीसारखा, कुत्र्यासारखे फिरायला नेणे नको. त्यामुळे आईवडीलही फारसा विचार करीत नाहीत. मी माणसांचा डॉक्टर. तरीही हल्ली मुलाचा खोकला तपासून झाला, की आई हळूच विचारते, "डॉक्टर, आमचा गिनी पिग दोन दिवस काही खात नाही. याच्याच औषधातले दोन थेंब त्याला दिले तर चालतील का?"

अजिबात चालणार नाहीत. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही पेनिसिलिन गटातली औषधे बऱ्याच घरांत अर्धी बाटली उरलेली असतात. ती तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या जिवावर बेतते. चारा पचवण्याचे काम त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू करतात. औषधाने ते मरतात, विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात, हगवण लागते आणि थोड्याच दिवसांत प्राणी दगावतो.

शिवाय 'दोन दिवस खात नाही' हे वाक्यच काळजीचे आहे. हा प्राणी दिवसभर थोडे थोडे खात असतो. दहा-बारा तास त्याने तोंड लावले नाही, लेंड्या कमी झाल्या किंवा थांबल्या, तर आतड्याची हालचाल मंदावली असे समजावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. कित्येकदा मूळ कारण दातांत असते. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. (स्वतःच्या मऊ लेंड्या तो खातो, तो मात्र आजार नव्हे. त्याला हाकलू नये.)

म्हणून मुख्य अन्न म्हणजे वाळलेले गवत, तेही चोवीस तास समोर असावे. बुरशी आलेले किंवा फवारणी झालेले नको. लसूणघास पिलांना आणि गाभण मादीला चांगला. मोठ्यांना रोज दिल्यास त्यातल्या चुन्यामुळे मूत्रखडा होण्याची भीती असते. पोळी, बिस्कीट, दूध, फरसाण लाडाने देऊ नये. कांदा, लसूण आणि बटाटा तर मुळीच नको.

आता 'क' जीवनसत्त्वाविषयी. बहुतेक प्राणी ते शरीरातच तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि गिनी पिगलाही नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या संशोधकांना प्रयोगात गिनी पिगला स्कर्व्ही झालेला आढळला आणि त्यातूनच पुढे या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. आपल्या घरातल्या प्राण्यालाही तोच रोग होऊ शकतो. सांधे सुजतात, तो लंगडतो, उचलले की ओरडतो, केस विस्कटतात. किलोभर वजनाच्या प्राण्याला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते. बिया काढलेल्या ढोबळी मिरचीची एखादी फोड आणि थोडी कोथिंबीर रोज द्यावी. मधूनमधून पेरूची लहानशी फोड दिली तरी चालते. गोळी पिण्याच्या पाण्यात विरघळवण्यात अर्थ नाही. जीवनसत्त्व लवकर नासते आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो.

उन्हाळा हा त्याचा खरा शत्रू. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, थंड हवेचा जीव. पारा तिशीकडे जाऊ लागला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात काय होते ते सांगायला नको. पिंजरा गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. तळमजल्यावरची गार फरशी, खिडकीला ओले पोते, पिंजऱ्यात फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली, एवढे केले तरी पुष्कळ. धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, तर साध्या पाण्याने अंग ओले करून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

एकटा गिनी पिग कुढतो, म्हणून दोन असावेत. पण दोन्ही एकाच लिंगाचे. दुकानदार 'दोन्ही माद्याच आहेत' म्हणाला तरी पशुवैद्यांना दाखवून घ्यावे. नर पिलू तीन आठवड्यांचे झाले की वेगळे काढावे लागते. मादीचे पहिले बाळंतपण सात-आठ महिन्यांच्या वयानंतर झाले तर कटीचा सांधा ताठरलेला असतो आणि पिले अडकून तिचा जीव जाऊ शकतो.

शेवटी माझ्या दवाखान्यातला विषय. मुलाच्या मानेवर किंवा दंडावर गोल, कडा लाल असलेला खाजरा चट्टा उठला, तर तो गजकर्ण असू शकतो आणि तो गिनी पिगकडूनही येतो. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून चोळू नका. खाज थांबते, बुरशी मात्र पसरते. डॉक्टरांना घरातल्या प्राण्याविषयी आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असे नाही. प्राण्याच्या नाकाडावर, कानांवर केस गळून खपल्या दिसतात का पाहा. मुलाचे उपचार आम्ही करू, प्राण्याचे पशुवैद्य करतील. पण दोन्ही एकाच वेळी सुरू व्हायला हवेत, नाहीतर महिन्याभरात तोच चट्टा घेऊन तुम्ही पुन्हा येता.