विज्ञान घोकावे की गुंफावे?

कसारा हे मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे शेवटचे स्थानक. पुढे थळ घाट लागतो. पावसाळ्यात येथील डोंगरांवरून पाण्याचे लोट वाहतात. मुंबईची तहान भागविणारे भातसा आणि तानसा हे जलाशय याच शहापूर तालुक्यात आहेत. तरीही तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

अशा मुलखातील विद्यार्थी परीक्षेत जलचक्रावरील प्रश्न बिनचूक सोडवितो. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य हे शब्द त्याला मुखोद्गत असतात. परंतु 'तुझ्या पाड्यावरची विहीर चैत्रात का आटते?' असे विचारल्यास तो निरुत्तर होण्याचाच संभव अधिक. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. पाठातील जलचक्र आणि पाड्यावरची विहीर यांचा संबंध त्याच्याकडून कोणी जोडून घेतलेलाच नसतो. आणि ज्याला आधार नाही ते परीक्षा संपताच विसरले जाते.

विद्यार्थ्याला आधीपासून जे ठाऊक असते त्यावरच नवे ज्ञान उभे राहते, हा सिद्धान्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी मांडला. त्याच्या आधारे कॉर्नेल विद्यापीठातील जोसेफ नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली 'संकल्पना-नकाशा' सिद्ध केला. त्याची रीत सोपी आहे. पाठातील मुख्य संकल्पना चौकटींत लिहावयाच्या, त्या रेषांनी जोडावयाच्या आणि प्रत्येक रेषेवर संबंध सांगणारे शब्द लिहावयाचे. या शब्दांतच सारे मर्म आहे. 'पाऊस' आणि 'विहीर' यांमध्ये नुसती रेष ओढणे सोपे. तिच्यावर काय लिहावयाचे, हे ठरविताना मात्र विचार करावाच लागतो. उतारावरून बहुतेक पाणी 'वाहून जाते', काळ्या कातळाच्या भेगांत थोडेच 'झिरपते', त्या झिरप्यावर विहीर 'भरते', आणि तो साठा संपला की ती 'आटते'. एवढे ज्याने स्वतः लिहिले, त्याला जलचक्र निराळे पाठ करावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शिक्षकाने फळ्यावर नकाशा काढला आणि मुलांनी तो वहीत उतरविला, तर ती नव्या रूपातील घोकंपट्टीच होय. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या कार्पिके व ब्लंट या संशोधकांनी २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले की, पुस्तक समोर ठेवून नकाशा काढणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून धडा आठवून लिहिणाऱ्यांच्या तो अधिक ध्यानात राहिला. यावरून नकाशा टाकाऊ ठरत नाही. तो पुस्तक मिटूनच काढावा, एवढाच बोध घ्यावयाचा. नंतर पुस्तक उघडून चुका ज्याच्या त्याने दुरुस्त कराव्यात. चुकलेली रेष हीच शिक्षकाला खरी माहिती देते.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. पाटी आणि खडू पुरेत. लागतो तो वेळ, आणि अभ्यासक्रम 'संपविण्याच्या' घाईत नेमका तोच शिक्षकाला मिळत नाही. म्हणून प्रश्नपत्रिकेतही व्याख्यांबरोबर संबंध विचारले गेले पाहिजेत. ज्यांच्या डोंगरावरचे पाणी मुंबईला जाते, त्या मुलांना आपली विहीर का आटते, हे तरी शाळेत उमजावयास नको काय?