भिंग व टेलिकन्व्हर्टर यांच्या विद्युत संपर्कबिंदूंचे सुरक्षित निरोधन

रामटेकजवळील खिंडसी तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. त्यांच्या छायाचित्रणासाठी ४०० मि.मी., एफ/५.६ भिंगाला १.४ पट टेलिकन्व्हर्टर जोडल्यास नाभीय अंतर ५६० मि.मी. होते, परंतु अ‍ॅपर्चर एफ/८ झाल्याने कॅननच्या अनेक जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचे ऑटोफोकस थांबते.

१९८७ मध्ये आलेल्या कॅननच्या ईएफ जोडणीत भिंग व कॅमेरा यांच्यातील संदेशवहन विद्युत संपर्कबिंदूंद्वारे होते. कन्व्हर्टरची जाणीव करून देणारे भिंगावरील तीन जादा बिंदू झाकल्यास कॅमेरा एफ/५.६ गृहीत धरून फोकसचा प्रयत्न करतो. मंद प्रकाशात मात्र यशाची शाश्वती नसते.

ही कृती करताना पुढील दक्षता आवश्यक ठरते. प्रथम कॅमेरा बंद करून भिंग वेगळे करावे. पातळ पॉलिइमाइड पट्टी केवळ त्या तीन सपाट बिंदूंवर, कडा न उचलता बसवावी. कन्व्हर्टरच्या स्प्रिंगयुक्त पिनांवर नव्हे. भिंग फिरवून बसवताना पिना पट्टीवरून घासत जातात, म्हणून ती वारंवार तपासावी. वायरमनची साधी चिकटपट्टी टाळावी. विदर्भातील उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरून संपर्कबिंदूंवर पसरतो. नेलपॉलिशचे कण सुटून आत जाऊ शकतात.

संशोधकाच्या दृष्टीने खरा धोका निराळाच आहे. या युक्तीनंतर छायाचित्रासोबत ४०० मि.मी., एफ/५.६ अशी चुकीची नोंद होते. त्या नोंदीवरून पक्ष्याचा आकार वा अंतर काढल्यास निष्कर्ष चुकतो. सारांश, बिंदू झाकले की प्रत्यक्ष मूल्ये क्षेत्रवहीत लिहिणे अनिवार्य मानावे.