माळवदाखालचे धान्य

हिंगोलीहून वाशीमकडे जाणारा रस्ता कनेरगाव नाक्यापाशी मराठवाड्याच्या टोकाला येतो. पुढे पैनगंगा आणि पलीकडे वऱ्हाड. आज ही दोन जिल्ह्यांमधली साधी हद्द वाटते. पण १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि अलीकडचा मुलूख सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. जवळजवळ शंभर वर्षे इकडे हाली शिक्का चालला, तिकडे कलदार रुपया. सारावसुलीच्या रीती वेगळ्या, कचेऱ्यांची भाषाही वेगळी. तरीही या पट्ट्यातल्या जुन्या शेतकरी घराचे वळण दोन्हीकडे सारखेच आढळते: हात-दीड हात जाडीच्या भिंती, सपाट मातीचे छत, पुढे ओसरी, मधे चौक, एका अंगाला गोठा. इकडे त्या छताला माळवद म्हणतात, वऱ्हाडात धाबे. सरकार वेगळे असूनही घर तेच राहिले, याचा अर्थ त्या घराचे कारण शिवारात शोधायला हवे. माझे म्हणणे असे की हे घर आधी ज्वारीचे कोठार होते आणि मग माणसांचा निवारा. त्याची बांधणी आणि त्याची पडझड, दोन्हींचा उलगडा याच एका गोष्टीने होतो.

आधी बांधणी पाहू. घर मोजायचे ते खणांत. खांबांच्या दोन रांगांमधले अंतर म्हणजे एक खण. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचन, मग निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर गावठाणातली पांढरी माती. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून ती छताला चालत नाही. पांढरी दाबून बसवली की वर्षाला आठशे-नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडणारे पाणी पन्हाळांवाटे वाहून जाते. कोकणात हे छत एक पावसाळाही तगले नसते. उजेडाला आणि चुलीच्या धुराला वाट म्हणून माळवदाला साणे ठेवत. याच माळवदावर कणसे, डाळी, मिरच्या वाळत. बळदाचे, म्हणजे घरातल्या बंदिस्त धान्यकोठीचे, तोंडही वरच्या बाजूला असे: धान्य वरून ओतायचे आणि खालच्या लहान झरोक्यातून लागेल तेवढे काढायचे.

धान्याची दुसरी जागा म्हणजे पेव. जमिनीत कठीण थरापर्यंत खणलेला हा खड्डा तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे. आत कडब्याचे अस्तर, मग ज्वारी, वर पुन्हा कडबा, आणि तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपण. आतली हवा संपली की किडेही मरत आणि ज्वारी काही वर्षे टिके. कडेचे धान्य काळपटे, त्याला कुबट वास येई, पण दुष्काळात तेच जीव वाचवी. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी पेटता दिवा खाली सोडत. तो विझला तर आत विषारी वायू आहे असे समजत. ही खबरदारी न घेणाऱ्यांचे जीव गेले आहेत. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९००च्या दुष्काळांनी साठ्याची किंमत या भागाला पुरती शिकवली होती.

यावर एक आक्षेप येईल: जाड भिंती आणि मातीचे छत तर उन्हासाठी, त्यात धान्याचा काय संबंध? भिंतींची जाडी उन्हाने समजते, पण खोल्यांची मांडणी समजत नाही. घरातली सर्वांत आतली, कोरडी, अंधारी आणि सुरक्षित जागा धान्याला दिलेली असे. माणसे ओसरीवर, अंगणात, उन्हाळ्यात माळवदावर झोपत. जपण्याचा पहिला मान कोणाला होता, हे त्यावरूनच कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यातली बहुतेक अशाच घरांखाली. हिंगोली जिल्ह्यालाही २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. तेव्हा या घराचे नुसते गोडवे गाणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मात्र दोष नेमका कुठे होता, हेही पाहावे. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे माळवदावर माती चढत गेली आणि ओझे वाढले. दगडी भिंतींच्या आतल्या-बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे त्या फुटून ढासळल्या. खांब-तुळयांचा सांगाडा मात्र अनेक ठिकाणी उभा राहिला. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत म्हणूनच माती कमी करणे, आरपार दगड बसवणे आणि खांब-तुळईच्या कोनात तिरपे टेकू देणे सुचवले गेले. धोका सुधारता येण्याजोगा होता.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. भरलेले पेव सगळ्यांच्या घरी नव्हते. ज्यांच्या श्रमावर ते भरले त्यांची घरे कुडाची, गवताने शाकारलेली होती, आणि वाईट सालात त्यांना त्याच पेवातले धान्य सवाई-दिढीने घ्यावे लागे. हे खरेच आहे, आणि माझा मुद्दा त्याने बळकटच होतो: साठा ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती. घर त्या सत्तेचे बांधकाम होते.

म्हणूनच ते भूकंपाने किंवा सिमेंटने संपले असे मला वाटत नाही. कूळकायदा, १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आणि भावाभावांतल्या वाटण्यांनी जमीन विभागली, तसे खणही विभागले. पुढे सोयाबीनने खरिपातली ज्वारी मागे सारली. सोयाबीन घरात ठेवायचे पीक नव्हे. ते मळणी होताच मोंढ्यावर जाते. पेव बुजले, बळद अडगळीचे झाले, जनावरे घटली. ज्या घराला काम उरले नाही त्यावर दरवर्षी पांढरी कोण टाकणार? आता त्याची किंमत सागवानाच्या भावाने होते आणि खांब उपटून विकले जातात.

प्रत्येक वाडा वाचवावा असे मी म्हणत नाही. ते होणारही नाही. पण उतरवण्यापूर्वी त्याची मोजमापे, नकाशे, सांध्यांची चित्रे करून ठेवणे वास्तुकला महाविद्यालयांना सहज जमेल. शेतकऱ्याला मात्र त्याहून मोठी गोष्ट घेता येईल. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी सुगीत भाव पडला की माल रोखून धरायला जागा हवी. शेतमाल तारण योजना आणि गावपातळीवरचे गोदाम ही बळद-पेवाचीच आजची रूपे आहेत, फरक इतकाच की ती एका घराची न राहता सगळ्या गावाची होऊ शकतात. जुन्या घराकडून घ्यायचे ते हेच: साठवण हाताशी असेल तरच शेतकरी भावासाठी थांबू शकतो, आणि ती जागा त्याच्या शिवाराजवळ असली पाहिजे.